चकाकीच्या खालची जमीन

दर दिवाळीला या सदरात आपण धंद्यातल्या एखाद्या कामाबद्दल बोलतो. यंदा जमिनीबद्दल बोलू. इथे आखातात आपल्यापैकी कितीतरी जणांची गोदामं, गॅरेजं, केटरिंगची किचन्स आहेत. टाइल नको, सांधे नकोत, धुवायला सोपं हवं म्हणून तिथे रेझिन फ्लोअरिंग करून घेतलं जातं. कोटेशन आलं की आपण रंग बघतो, जाडी बघतो आणि चौरस मीटरचा भाव बघतो. ती जमीन दहा वर्षं टिकणार की वर्षभरात पोपडे धरणार, हे मात्र त्यावरून कळत नाही.

ते ठरतं खालच्या काँक्रीटवर. नव्या काँक्रीटवर सिमेंटची पातळ, कमकुवत साय जमलेली असते, जुन्यात तेल मुरलेलं असतं. रेझिन त्या सायीला घट्ट धरतं आणि साय काँक्रीटला सोडते! म्हणून डायमंड ग्राइंडरने किंवा शॉट ब्लास्टिंगने ती काढून खालचं खरखरीत, मजबूत काँक्रीट उघडं करावं लागतं. गावच्या घरी ज्यांनी सारवण केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आधी पोपडे खरवडायचे, मग शेण कालवायचं. (मुलांनी याचा अर्थ आजीला विचारावा.)

मग ओल. किनाऱ्यालगत खारं भूजल फार खोल नसतं. स्लॅबखालचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर ओल वर चढते आणि जमिनीला फोड येतात. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट झालं, तर काम थांबवा. कोरडं दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. चोख काम करणारा माणूस स्लॅबला भोक पाडून आतली आर्द्रता मोजतो.

वरून येणारी ओल तर कोणी ध्यानातच घेत नाही. नियम असा, की जमिनीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं. बाहेर ३५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू साधारण २६ अंश येतो. तुमच्या एसी गोदामाची जमीन असते २२ वर. शटर उघडलं की गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून सुटतं तसं पाणी जमिनीला सुटतं, पटकन दिसतही नाही, आणि ओली इपॉक्सी पांढुरकी, चिकट होऊन बसते. तेव्हा तुमचा कॉन्ट्रॅक्टर शटर बंद करून, डिह्युमिडिफायर लावून एक दिवस थांबू म्हणाला, तर तो वेळ काढतोय असं समजू नका.

किचनवाल्यांनी मात्र साध्या इपॉक्सीच्या नादी लागूच नये, असं माझं मत आहे. साधारण ६० अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते. चकलीच्या कढईतलं तेल सांडलं, वर उकळतं पाणी ओतलं, की संपलं. तिथे पॉलियुरेथेन-सिमेंटचा ६ ते ९ मिलिमीटरचा थर हवा, भिंतीला वर गोलाई देऊन चढवलेला, आणि पाय घसरू नये इतपत खरखरीत. महाग पडतो, पण किचनच्या जमिनीला तोच लागतो.

आणि हे काम करणाऱ्यांचे हात बघा. घट्ट होण्याआधीचं रेझिन आणि हार्डनर वारंवार त्वचेला लागलं की ॲलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की बहुधा जन्मभराची. मग जराशा संपर्कानेही हात फुटतात आणि कारागिराला हातातला धंदा सोडावा लागतो. थिनरने हात पुसणं तर आणखी वाईट. ही पोरं घरापासून लांब, एका खोलीत सहा-आठ जण राहतात. हात खाजतायत म्हणून काम थांबवा, असं ती तुम्हाला सांगायची नाहीत. म्हणून कोटेशनमध्ये ग्राइंडिंग, ओलीची तपासणी आणि नायट्राइलचे हातमोजे यांच्या ओळी वेगळ्या मागून घ्या. घासाघीस करायचीच असेल तर रंगावर करा.