विमानाचे नऊ तास

मुलगा लंडनला असला की बापाला विमानाचे वेळापत्रक तोंडपाठ असते. मालवणात असे बाप पुष्कळ. पण हिशेबात ही मंडळी हटकून फसतात. "सकाळी सातला मुंबई सोडली, साडेअकराला लंडनला उतरले. साडेचार तासच की!" असे एका निवृत्त मामलेदारांनी मला ठणकावून सांगितले. वास्तविक त्यात घड्याळांमधला साडेपाच तासांचा फरक मिळवायचा, की होतात दहा तास. (उन्हाळ्यात तिकडची घड्याळे तासभर पुढे ढकलतात, तेव्हा साडेचारच मिळवावेत.) येताना वजाबाकी. रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. साडेचौदातून साडेपाच गेले, उरले नऊ. वाचलेला तास वाऱ्याने दिलेला. फार उंचावर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. शिडाच्या होडीवर वाढलेल्या आमच्या गाबीत शेजाऱ्याला हे पटवून द्यावे लागले नाही.

अंतर काढायचे तर सपाट नकाशावर पट्टी ठेवू नये. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणावा. मुंबई ते लंडन सुमारे ७२०० किलोमीटर भरते. मुंबई-मालवणला तर दोराही नको. मुंबई १९ अक्षांशावर, मालवण १६ वर. एका अंशाचे १११ किलोमीटर. मालवण जरा पूर्वेला सरकलेले आहे, म्हणून साडेतीनशेच्या आतबाहेर धरा. मी शिकवतो मराठी. पण प्राध्यापकाला सगळेच येते अशी आमच्या आळीची श्रद्धा आहे.

म्हणूनच गेल्या माघात शेजारचे काका दुपारी दोनला गेले, तेव्हा हिशेब माझ्याकडे आला. एकुलता मुलगा लंडनला. थांबायचे की सूर्यास्तापूर्वी उरकायचे? वडीलधाऱ्यांनी एवढेच विचारले, "किती तास?" त्याला तिथल्या रात्री नऊचे विमान मिळाले होते, म्हणजे आपले पहाटेचे अडीच. साडेअकराला मुंबई, बाहेर पडेपर्यंत एक. पुढे मोटार. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते, पण रात्रीच्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. कर्लीच्या खाडीपलीकडे चिपीला ९ ऑक्टोबर २०२१ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या दिवशी त्याला जुळेल असे विमान तिथे नव्हते. मी सांगितले, "उद्या मध्यरात्र."

कोणी काही बोलले नाही. मग काकी म्हणाल्या, "थांबा." मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यातून लाद्या आल्या.

दुसरा दिवस मोठा गेला. सात हजार किलोमीटर नऊ तासांत पार झाले होते. उरलेल्या साडेतीनशेला, घाटवळणांनी लांबलेल्या रस्त्याने, अकरा तास. काकी दर फोनला विचारीत, "सर, झील खंय पावलो?" मी सांगे, पेण. मग महाड, चिपळूण. राजापूर म्हणताच त्यांनी उठून तोंड धुतले. मोटार कसालला महामार्ग सोडून मालवणच्या रस्त्याला लागल्याचे कळले, तेव्हा सव्वाअकरा झाले होते. त्यानंतर त्यांनी विचारले नाही. अंगणातली माणसे उठून पहाटेच्या तयारीला लागली.