बेजबान कोण?

उर्दूत जनावरांना ‘बेजबान’ म्हणतात, मराठीत ‘मुकी’. मन्तिकच्या जुन्या किताबांत माणसाची व्याख्याच ‘हैवान-ए-नातिक’, म्हणजे बोलणारा प्राणी, अशी आहे. व्याख्येला आमची हरकत नाही. हरकत आहे ती जनावरांसाठीचा ‘मुका’ हा शब्द माणसाच्या लेकरांना चिकटवण्याला.

कर्जत-खालापूरच्या शाळांत हे घडते. कातकरवाडीतले मूल आले की शेरा तयार : ‘याला भाषाच नाही.’ ठाकराच्या मुलाचे तेच. आमच्या मोहल्ल्यातले मूल घरची कोकणी बोली बोलले, तर मराठीवाले म्हणतात ही मराठी नव्हे, उर्दूवाले म्हणतात ही उर्दू नव्हे. मूल गप्प बसते. मग त्या गप्प बसण्यालाच मंदबुद्धी म्हटले जाते.

ज्यांनी जनावरांना खरोखर न्याहाळले, त्यांच्याकडून काही शिकावे. सालिम अलींनी 1930 साली आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला सुगरणीची घरटी पाहिली. नावावरून आपण विणणारी मादी समजतो. प्रत्यक्षात घरटे विणतो नर. मादी अर्धवट घरटे तपासते, पसंत पडले तरच राहते. मग नर ते पुरे करतो आणि दुसरे विणायला घेतो. आधी पाहणे, मग बोलणे, ही त्यांची रीत होती. एका पाखराला मिळालेला हा सबर आपल्या वर्गातल्या मुलाला का मिळू नये?

कार्ल फॉन फ्रिश यांना मधमाश्यांच्या अभ्यासासाठी 1973 साली नोबेल मिळाले. माशी नाचून फुलांची दिशा आणि अंतर सांगते, हे त्यांनी उलगडले. केनियातली व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात, हे 1980 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे जनावरे अगदीच बेजबान नाहीत. पण ‘काल बिबट्या आला असता, तर आम्ही इथे थांबलो नसतो’ असे एखादे माकड सांगते, असे कुणाला आढळलेले नाही.

कातकऱ्याचे पाच वर्षांचे पोर मात्र हे सहज सांगते. त्याच्या बोलीत काल आहे, उद्या आहे, नकार आहे, जर-तर आहे. जनावरांच्या अभ्यासाने दाखवलेली सीमा आहे ती माणूस आणि इतर प्राणी यांच्यामध्ये. लखनौची उर्दू, पुण्याची मराठी आणि खालापूरची कातकरी या तिन्ही त्या सीमेच्या एकाच बाजूला आहेत. त्यांच्यात वरखाली लावली ती माणसाने, आपल्या रुबाबासाठी. माणसाच्या स्वभावाची खरी खोड इथे दिसते.

कुणी विचारतील, मग प्रमाण भाषा शिकवायचीच नाही का? जरूर शिकवावी. नोकरी, कोर्ट, कचेरी तिच्याशिवाय चालत नाही. पण घरची बोली पुसून नव्हे, तिच्यावर पाय रोवून. 2009 चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा असेच सांगतो. सूरह रूममध्ये तर जबानींचा वेगळेपणा अल्लाहच्या निशाण्यांत गणला आहे. निशाणीची टर उडवणारे आपण कोण?

पहिलीच्या वर्गात मुलाला भाताचे, झाडाचे, पाखराचे घरचे नाव विचारा. ते फळ्यावर लिहा, शेजारी उर्दू-मराठी नाव लिहा. याला निधी लागत नाही, जीआर लागत नाही. कान लागतात. ते नसतील, तर वर्गातला बेजबान तो मुलगा नव्हे. बहिरे मात्र आपण जरूर आहोत.