'मानले जाते' : पण मानतो कोण?

मराठी वाङ्मयाच्या इतिहासावरील उत्तरांत एक वाक्य हमखास आढळते : 'मुकुंदराज हे मराठीचे आद्यकवी मानले जातात.' वाक्य चुकीचे नाही. मात्र त्यात मानणारा कोण, हे सांगितलेले नाही. आमच्या मते अभ्यासाला खरी सुरुवात याच प्रश्नापासून व्हावयास हवी.

'जाणे' या सहायक क्रियापदाने सिद्ध होणारी ही रचना व्याकरणात नवीन कर्मणी म्हणून ओळखली जाते. तिच्यात कर्ता सांगितला नाही तरी वाक्य पूर्ण होते. इंग्रजीतील 'इट इज बिलीव्हड दॅट' या रचनेशी तिचे साम्य आहे. परंतु कर्ता वगळण्याची सोय मराठीने केवळ इंग्रजीकडून उसनी घेतली, असे नव्हे. जुन्या मराठीत 'बोलिजे', 'कीजे' अशी पुराणकर्मणी रूपे होतीच. बोलण्यात आपण आजही 'तो म्हणे पुण्याला गेला' असे म्हणतो. या 'म्हणे'मध्ये ऐकीवपणाची कबुली असते. 'मानले जाते'मध्ये ती नसते. उलट सर्वांची संमती मिळाल्याचा भास होतो. धोका येथे आहे.

मुकुंदराजांचेच उदाहरण पाहा. 'विवेकसिंधू'तील कालनिर्देशाच्या ओवीवरून या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ ठरतो. 'ज्ञानेश्वरी'चा काळ शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०. ती ओवी प्रमाण धरली, तर मुकुंदराज ज्ञानेश्वरांच्या शंभर वर्षे आधीचे ठरतात. परंतु उपलब्ध पोथ्यांतील भाषा इतकी जुनी वाटत नाही, असा आक्षेप काही अभ्यासकांनी घेतला. नकलाकारांच्या हातून भाषा पालटली असावी, असे त्यावरचे उत्तर. स्थळाविषयीही मतभेद आहेत. मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईला दाखवतात. काही अभ्यासक मात्र त्यांचा संबंध विदर्भातील अंभोऱ्याशी जोडतात. 'मानले जातात' या दोन शब्दांखाली एवढा वाद झाकला जातो.

याउलट, जेथे वस्तू समोर आहे तेथे हा आडोसा नको. दासोपंतांचे 'पंचीकरण' ज्या लांबलचक वस्त्रावर लिहिलेले आहे, ती पासोडी अंबाजोगाईची ख्याती आहे. 'अशी पासोडी असल्याचे मानले जाते' असे लिहिणे ही सावधगिरी नव्हे, अभ्यासातील आळस होय.

हा प्रश्न वाङ्मयापुरता नाही. 'ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिक्षणाची ओढ नसते, असे समजले जाते' हे वाक्य बीड जिल्ह्यातील वाचकाने कधी ना कधी ऐकलेले असते. समजणारा कोण, हे विचारताच वाक्य डळमळू लागते. दिवाळीच्या सुमारास कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांची शाळा वर्षाच्या मध्येच सुटते. कर्ता नसलेल्या त्या वाक्यात समजणारा लपतो, हंगाम लपतो, आणि दोष तेवढा मुलाच्या नावावर जमा होतो.

म्हणून ही रचना टाळाच, असा आमचा आग्रह नाही. मानणारे खरोखरच असंख्य असतील, किंवा लोकश्रद्धाच सांगावयाची असेल, तर ती योग्यच आहे. मात्र ती लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा : हे कोण मानते? कशाच्या आधारे? आणि ते कोणाला मान्य नाही? मग आरंभीचे वाक्य असे होईल : ''विवेकसिंधू'तील कालनिर्देश ग्राह्य धरणारे अभ्यासक मुकुंदराजांना आद्यकवी मानतात, काहींना तो काळ मान्य नाही.' वाक्य लांबले खरे. परंतु त्यात मानणारा समोर उभा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी वाद घालता येतो.