उसनी चाल आणि स्वतंत्र प्रतिभा

युरोपीय अभिजात संगीतकारांनी लोकप्रिय चाली आपल्या रचनांत घेतल्या, ही त्यांच्या प्रतिभेच्या दारिद्र्याची कबुली होय, त्यामुळे गंभीर संगीताची पायरी खालावते आणि ही उघड चोरीच ठरते, असे एक मत मोठ्या अधिकारवाणीने मांडले जाते. रचना ऐकण्याऐवजी चालीचे मूळ शोधण्यातच धन्यता मानणाऱ्या या मताचे खंडन आवश्यक आहे.

पहिला, प्रतिभेच्या दारिद्र्याचा आक्षेप सर्वांत मोठा मानला जातो आणि तोच सर्वांत पोकळ आहे. हान्स लिओ हास्लरच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची चाल पुढे ल्यूथरपंथीयांच्या कोरालसाठी, म्हणजे उपासकांनी एकत्र म्हणावयाच्या स्तोत्रासाठी, वापरली गेली आणि बाखने ती १७२७ मधील ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यूवरील रचनेत वारंवार योजली. चाल तीच राहते. परंतु तिची स्वरसंगती, म्हणजे तिच्यासोबत एकाच वेळी उमटणाऱ्या इतर स्वरांची मांडणी, बदलत जाते आणि ख्रिस्ताच्या मृत्यूनंतर ती शेवटची येते तेव्हा खालच्या आवाजांच्या अर्धस्वरी वाटचालीमुळे परिचित चालच अनोळखी, व्याकूळ भासू लागते. त्यापूर्वी जोस्कें द प्रेने ‘लोम आर्मे’ या लौकिक गीतावर मास, म्हणजे कॅथलिक उपासनेची संगीतरचना, बांधताना तीच चाल पुढच्या पुढच्या भागांत एकेक स्वर वर चढवून सुरू केली. असे बंधन स्वतःवर लादून ते निभावणाऱ्याला कल्पनादरिद्री म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे. मराठी नाट्यपदांबाबतही हा वाद पूर्वी झाला आहे. लावणीची वा कर्नाटकी पदाची चाल घेतली म्हणून ती पदे हलकी ठरवणाऱ्यांचे म्हणणे मागे पडले आणि नाट्यपदे मैफलीत स्थिरावली.

पायरी खालावण्याचा आक्षेप, उपासनेच्या संगीतातील लौकिक अंशांवर आक्षेप घेणाऱ्या ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेनंतरही पालेस्त्रीना या संगीतकाराने त्याच ‘लोम आर्मे’वरील मास १५७० मध्ये प्रसिद्ध केला, एवढ्यानेच निकालात निघतो. चोरीचा आरोपही सरसकट टिकत नाही, कारण ब्राम्सने प्रचलित चालींवर बेतलेल्या आपल्या ‘हंगेरियन नृत्यां’ना स्वतंत्र कृतीचा ओपस-क्रमांक दिलाच नव्हता, म्हणजे त्या चाली आपल्या असल्याचा दावाच केला नव्हता.

संगीतातील स्वतंत्रता चालीच्या जन्मात नसून तिच्या विस्तारात, बांधणीत आणि नव्या अर्थात असते. शिवाय ओळखीची चाल असली की तिच्यात घडलेला प्रत्येक बदल श्रोत्याला स्पष्ट जाणवतो. म्हणून अभ्यासकांनी चाल कोठून आली हे जरूर नोंदवावे, परंतु रचनेचे मोल त्या चालीचे पुढे काय झाले यावरूनच ठरवावे.