‘क्लीन’ आवृत्ती कुणी करायची?

रॅपचे सेशन आता लहानमोठ्या सगळ्याच स्टुडिओंत होतात. मराठीत, हिंदीत, दोन्हींच्या मिसळीत. बोलांमध्ये शिव्या असतात. त्या असाव्यात की नसाव्यात, हे लिहिणाऱ्याने आणि गाणाऱ्याने ठरवायचे, आणि तो हक्क आम्ही पूर्णपणे मानतो. आम्हाला बोलायचे आहे ते पुढच्या टप्प्याबद्दल. गाणे चालू लागते, एफएमवरून किंवा एखाद्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी क्लीन व्हर्जनची मागणी येते, आणि कुणीतरी तयार स्टीरिओ मास्टर उघडून शब्द तेवढा उडवतो. शब्दाबरोबर किक जाते, बेस जातो, ठेका तुटतो. हे काम मूळ सेशनमध्येच, गायक माइकसमोर असताना झाले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

ते नंतरवर ढकलण्याची सवय कुठून आली, हे अमेरिकेकडे पाहिले की कळते. प्रिन्सच्या १९८४ सालच्या ‘पर्पल रेन’मधले ‘डार्लिंग निकी’ ऐकून टिपर गोर अस्वस्थ झाल्या. पुढच्या वर्षी पालकांची संघटना उभी राहिली आणि १९ सप्टेंबर १९८५ रोजी सिनेटसमोर सुनावणी झाली. फ्रँक झॅपा, जॉन डेन्व्हर आणि डी स्नायडर यांनी तिथे जाऊन विरोध केला. तरी इशाऱ्याचे लेबल आलेच, आणि १९९० पासून ते सगळीकडे एकाच काळ्या-पांढऱ्या रूपात लागू लागले. वॉलमार्टने असे लेबल असलेले अल्बम ठेवायला नकार दिला. रेडिओवर सकाळी सहा ते रात्री दहा अश्लील भाषेला मज्जाव होताच. म्हणजे दुसरी आवृत्ती मागितली ती दुकानाने आणि रेडिओने, तीही गाणे पूर्ण झाल्यावर.

ज्यांनी ते मनावर घेतले, त्यांचे काम मात्र आजही ऐकण्यासारखे आहे. १९७० मध्ये द किंक्सच्या ‘लोला’त एका शीतपेयाचे नाव होते आणि बीबीसीला ती जाहिरात वाटली. त्या एका शब्दासाठी रे डेव्हिस अमेरिकेचा दौरा थांबवून लंडनला परतले आणि दोन अक्षरांच्या जागी दोनच अक्षरांचा शब्द गायले. २००४ मध्ये ब्लॅक आइड पीजनी ‘लेट्स गेट इट स्टार्टेड’ नव्या शब्दांत गायले, आणि ग्रॅमी मिळाले ते त्याच आवृत्तीला. सीलो ग्रीनच्या २०१० मधल्या ‘फर्गेट यू’त मूळ शब्दाचे पहिले व्यंजन तसेच राहिले, त्यामुळे सुरुवातीचा आघात हलला नाही. आपल्याकडे ‘खुद्दार’मध्ये ‘सेक्सी’चे ‘बेबी’ झाले, तेही मीटर सांभाळून.

आपल्या भाषांत ही काळजी अधिक लागते. इंग्रजीतली नेहमीची शिवी एका अक्षराची असते. ती म्यूट केली तरी कान पुढे सरकतो. आपल्या शिव्या चार-पाच अक्षरांच्या. सोळाव्या मात्रांच्या रॅपमध्ये एक शिवी म्यूट केली की अख्खा बीट रिकामा होतो. त्यात ती पुष्कळदा ओळीच्या शेवटी, यमकाच्या जागी असते, म्हणजे आधीची ओळही लटकते. बीपने तर आणखी बिघडते. नेहमीचा बीप १००० हर्ट्झचा असतो, म्हणजे ४४०च्या ट्यूनिंगमध्ये पांढरी सातच्या किंचित वर. गाणे कुठल्याही पट्टीत असो, बीप बेसूरच लागणार.

लीडवरचा शब्द काढला म्हणजे काम झाले असेही नाही. तोच शब्द डबलवर असतो, ॲडलिबमध्ये असतो, कोरसमध्ये असतो. सेंड प्री-फेडर असेल तर फेडर खाली घेतल्यावरही डिलेमधून शिवी स्वच्छ ऐकू येते. इफेक्ट्सचा स्टेम आधीच प्रिंट केलेला असेल तर ती तिथे कायमची बसलेली असते. म्हणून कट क्लिपवरच करावा. शिवाय आवाज अचानक गेला की मिक्स-बसवरचा कॉम्प्रेसर सुटतो आणि त्या फटीत मागचा ठेका उसळून वर येतो. हे सगळे मल्टिट्रॅकवर सावरता येते, मास्टरवर नाही. आणि सावरण्यापेक्षा त्या दोन-चार ओळींचा पर्यायी टेक तेव्हाच घेणे केव्हाही बरे: तोच माइक, तेच अंतर, गळ्याचा तोच ताव. तीन महिन्यांनी हे जुळत नाही.

गायक नाही म्हणाला तर? तर त्याचा मान राखावा. ग्रीन डेने २००९ मध्ये ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी ब्रेकडाउन’ची सौम्य आवृत्ती वॉलमार्टला द्यायला नकार दिला आणि त्या दुकानांतली विक्री सोडून दिली. निर्णय कलाकाराने समजून घेतला, हे महत्त्वाचे. आपण सेशनमध्ये विचारलेच नाही, तर त्याच्या वतीने तो निर्णय एडिटर घेतो.

फाइल पाठवतानाही चुका होतात. क्लीन आवृत्ती हे वेगळे रेकॉर्डिंग आहे, तिला वेगळा आयएसआरसी लागतो. ‘क्लीन’ ही खूणही मूळ एक्सप्लिसिट आवृत्ती असेल तेव्हाच लावायची. मुळात शिवी नसलेल्या गाण्याला ती लागत नाही.

तेव्हा आपल्या कोटेशनमध्ये क्लीन व्हर्जनची स्वतंत्र ओळ घाला आणि तिचा दर आधीच ठरवा. पर्यायी टेकसाठी गायकाचा अर्धा तास त्यात धरा, आणि नवा आयएसआरसी कुणी घ्यायचा तेही तिथेच लिहून ठेवा.