जुन्या गाडीला नवा बैल



या सदरातून आजवर आपण बियाणे, खते, कीड आणि गोठा यांविषयी बोलत आलो. आज जरा वेगळ्या जनावराविषयी बोलावयाचे आहे. हे जनावर वैरण खात नाही, वीज खाते, आणि म्हातारे झाले की बसकण मारते.

निमित्त एका पत्राचे आहे. एक भगिनी लिहितात, "थोरल्या मुलाने शिकताना घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे. आता धाकटी कृषी पदविकेला आहे, ती त्यावर अभ्यास करते. बटण दाबल्यापासून तो चालू होईपर्यंत माझ्या चार भाकऱ्या थापून होतात. तालुक्याचा दुकानदार म्हणतो, आतला प्रोसेसर बदला, घोड्यासारखा पळेल. सोयाबीनचे पैसे आले आहेत, पण ते पुढच्या पेरणीला ठेवले आहेत. त्यातून खर्च करू का?"

ताई, पैसे अजून दिले नसतील तर जरा थांबा. तुमचे पत्र वाचून मला माझीच एक फजिती आठवली. ती आधी सांगतो.

सन २००२ ची गोष्ट. मी तेव्हा तिशीत होतो. नोकरी विस्तार अधिकाऱ्याची, आणि तालुक्याला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग केलेला. तेवढ्या भांडवलावर गावोगावी मी तज्ज्ञ ठरलो होतो. माझ्या भागातल्या एका दूध संस्थेत एक जुना पेंटियम-टू कॉम्प्युटर होता. सभासदांचे दूध, फॅट, दर आणि कपाती त्यात भरायच्या आणि दर दहा दिवसांनी बिले काढायची. पूर्वी हे काम एका साध्या प्रोग्रॅमवर चाले. मग विंडोजवर चालणारा नवा प्रोग्रॅम आला आणि यंत्र रखडू लागले. बिलाचा हिशेब व्हायला पाऊण तास लागे. सचिव अण्णा वैतागून म्हणाले, "साहेब, ह्याच्यापरीस माझी वही बरी होती."

मी म्हटले, "अण्णा, यंत्र टाकू नका. याचा बैल बदलू."

त्या यंत्रात प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारा मुख्य भाग, आजच्यासारखा चौकोनी चकती नव्हता. इंटेल कंपनीने १९९७ मध्ये पेंटियम-टू आणला तो काळ्या डबीतल्या एका कार्डावर बसवून. व्हिडिओ कॅसेटची आठवण व्हावी अशी ती डबी मदरबोर्डवरच्या लांब खाचेत उभी खोचायची. तिला स्लॉट-वन म्हणत. जुने कार्ड उपसायचे, नवे खोचायचे, इतके सोपे दिसणारे काम. आमचे कार्ड २६६ मेगाहर्ट्झचे होते. पुण्याला गेलो असता तापकीर गल्लीतून पेंटियम-थ्रीचे ५०० मेगाहर्ट्झचे वापरलेले कार्ड मी अडीच हजारांना आणले. खाच तीच, म्हणजे काम झालेच, असे धरून चाललो. दुकानात विचारले असते तर चार प्रश्न उलट आले असते. मी विचारलेच नाही.

बिलाच्या आदल्या संध्याकाळी कार्ड बसवले. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. जुने कार्ड घातले तर यंत्र चालू, नवे घातले तर बंद. मदरबोर्डवर बायोस नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. यंत्र चालू होताच घरात कोण कोण आहे याची हजेरी तो घेतो. आमचा बायोस जुना, त्याला पेंटियम-थ्री हा पाहुणा ओळखीचाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सायबर कॅफेतून नवा बायोस फ्लॉपीवर उतरवून आणला. जुने कार्ड घालून तो भरायला बसलो आणि निम्म्यावर भारनियमनाची वेळ झाली. दिवे गेले. यूपीएस बोंबलू लागला. बायोस भरताना वीज तुटली तर मदरबोर्ड कायमचा मुका होऊ शकतो, हे मला वाचून ठाऊक होते. ती दोन मिनिटे अण्णा पडद्याकडे पाहत होते आणि मी यूपीएसच्या दिव्याकडे. पार पडले. पण सांगतो, पावसाळ्यात भरल्या ओढ्यातून गाडी घालण्याइतकेच ते बेफिकीर काम होते.

नवे कार्ड चालले. पडद्यावर आकडा आला ३३३.

अण्णा म्हणाले, "साहेब, पाचशेचं आणलं हुतं न्हवं?"

याचे उत्तर मला रात्री उशिरा सापडले. पिठाच्या गिरणीची पुली पाहिलेल्याला ते लगेच कळेल. इंजिनाचे फेरे ठरलेले असतात, आणि गिरणीचा दगड किती फिरेल ते दोन पुल्यांच्या मापावर ठरते. कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्ड एक ठोका देतो आणि प्रोसेसर त्याला ठरावीक पटीने गुणतो. आमचा मदरबोर्ड ४४०-एलएक्स जातीचा, त्याचा ठोका ६६.६ मेगाहर्ट्झ. जुने कार्ड चारपट करणारे, म्हणून २६६. नवे कार्ड पाचपट करणारे, पण ते बनवले होते १०० च्या ठोक्यासाठी. तो ठोका १९९८ मध्ये आलेल्या ४४०-बीएक्स जातीच्या बोर्डावर मिळे. आमच्याकडे ६६.६ ची पाचपट म्हणजे ३३३ च होणार. पट कारखान्यातच पक्की केलेली, ती बदलता येत नाही. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून?

आणि बिले? पाऊण तासाऐवजी चाळीस मिनिटे लागू लागली. पण या खटाटोपात दोन दिवस गेले होते आणि संस्थेच्या दारात माणसे उभी होती. त्यांत एक सभासद बाई होत्या. नवरा वारलेला, दोन म्हशींवर घर चाललेले. मुलाच्या परीक्षेच्या फीचा शेवटचा दिवस होता. त्या मला म्हणाल्या, "साहेब, तुमचं यंत्र पळू द्या न्हाईतर बसू द्या, माझं पैसं कवा?" मी खिशात हात घातला. त्या म्हणाल्या, "तुमचं नगं. माझ्या दुधाचं द्या." अण्णांनी वही काढली, त्यांचे दहा दिवसांचे वीस वेळचे दूध हाताने मांडले आणि पंधरा मिनिटांत पैसे दिले. मी शेजारी बसून होतो.

खरे कारण सापडले ते चार दिवसांनी, आणि तेही मला नव्हे. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातला एक मुलगा सुटीला गावी आला होता. त्याने यंत्राला हातही लावला नाही. पेटीच्या तोंडावरचा लाल दिवा बघत बसला. बिले चालू असताना तो दिवा विझतच नव्हता. तो दिवा हार्ड डिस्कचा. मुलगा म्हणाला, "साहेब, मेमरी किती?" मेमरी, म्हणजे रॅम, होती ३२ एमबी. नव्या प्रोग्रॅमला ती पुरत नव्हती. जागा कमी पडली की यंत्र अर्धे सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवते, लागले की परत आणते, पुन्हा नेते. सगळा वेळ या हेलपाट्यांत जात होता, हिशेब करणारा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच बसून होता. त्याच्या जागी दुप्पट तेज प्रोसेसर आणला असता तरी तो दुप्पट तेजीने रिकामा बसला असता! ६४ एमबीची एक पट्टी वाढवली आणि बिले बारा मिनिटांत झाली.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. जस्त कमी असलेल्या भाताला युरियावर युरिया देऊ नका, आधी माती तपासा, हे मी गावोगाव सांगत हिंडत होतो. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग याच्या नावाने ओळखला जाणारा नियम आम्ही कॉलेजात पाठ केलेला: जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्याच्यावर पीक अडते. पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तेवढ्याच उंचीपर्यंत राहते, बाकीच्या फळ्या कितीही उंच असोत. शेतात हे मला दिसे, टेबलावर दिसले नाही. कार्डाचे अडीच हजार मी संस्थेला परत केले. अध्यक्ष आबा नको म्हणत होते, पण ते पैसे सभासदांच्या दुधाचे होते.

आता कार्ड ही चीजच वाईट असे मात्र कोणी समजू नये. १९८० मध्ये मायक्रोसॉफ्टने अॅपल-टू या कॉम्प्युटरसाठी झेड-८० प्रोसेसरचे सॉफ्टकार्ड काढले, आणि त्या यंत्रावर आधी न चालणारे कितीतरी कामाचे प्रोग्रॅम चालू लागले. तिथे वेगापेक्षा नवी विद्या अंगी आली हा लाभ मोठा. आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला तो ४.७७ मेगाहर्ट्झचा. त्याच घराण्यातल्या यंत्रांसाठी पुढे इंटेलनेच इनबोर्ड ३८६ नावाचे १६ मेगाहर्ट्झचे कार्ड विकले. कार्ड एका खाचेत बसायचे आणि त्याची वायर जुन्या प्रोसेसरच्या जागी खोचायची. आकडेमोड झपाट्याने होई, पण डिस्क आणि बाकीच्या खाचा जुन्याच चालीच्या राहत. अॅपलने १९९५ च्या पॉवर मॅकिंटॉश ७५०० मध्ये प्रोसेसर मुद्दामच काढता-घालता येणाऱ्या कार्डावर ठेवला होता. त्या यंत्रात मूळ १०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर असे, आणि पुढे इतर कंपन्यांनी कित्येक पट तेज जी-थ्री कार्डे त्यासाठी काढली. बोर्डाची चाल जुनीच असूनही ती कार्डे चांगली पळत, कारण त्यांच्यावर प्रोसेसरला लागूनच थोडी तेज मेमरी असे. पेरणीत चाड्यावर मूठ धरणारी बाई दर मुठीला बांधावरच्या पोत्याकडे धावत नाही, बी तिच्या ओटीत असते. तसेच हे.

असो. ताई, आता तुमच्या यंत्राकडे येतो. तुम्ही मुलीकडून माहिती लिहून घेऊन पाठवलीत, हे फार चांगले केलेत. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री, एच-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. स्लॉट-वनच्या कार्डांचा जमाना केव्हाच गेला. तुमच्या बोर्डावर चौकोनी बैठक आहे, तिचे नाव एलजीए-११५५. तिच्यावर आय-फाइव्ह २४०० सारखा चार गाभ्यांचा प्रोसेसर बसतो. तेव्हा दुकानदार खोटे बोलत नाही. बसेल आणि चालेलही. पण भाकऱ्या तेवढ्याच होतील! कारण चालू व्हायला लागणारा वेळ प्रोसेसरचा नसून त्या फिरत्या डिस्कचा आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर फुकट करता येते. मुलीला सांगा, कॉम्प्युटर रखडला असेल तेव्हा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबायची. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्यापुढे टक्के दिसतात. डिस्क शंभरला टेकलेली आणि सीपीयू वीस-तीसवर असेल तर आखूड फळी कोणती ते तुम्हालाच दिसेल. सीपीयूच सतत शंभरला असेल तर मला पुन्हा लिहा, मग दुकानदाराचे म्हणणे आपण विचारात घेऊ.

माझ्या अंदाजाने तुम्हाला हवी आहे एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क. अभ्यासाला २५६ जीबीची पुरे. साटा जोडणीची घ्या, कारण या बोर्डाला तीच सरळ लागते. सोबत रॅमची ४ जीबीची आणखी एक पट्टी, तीही डीडीआर-थ्री. डीडीआर-फोरची पट्टी या खाचेत बसत नाही, दाबून बसवू देऊ नका. पेटी उघडलीच आहे तर पंख्याखालची धूळ काढून घ्या. गावात धूळ आणि चुलीचा धूर, पंखा गुदमरला की प्रोसेसर तापतो आणि आपणच चाल मंद करतो. पण या सगळ्याच्या आधी मुलीचे काम आणि घरचे फोटो पेनड्राइव्हवर काढून ठेवा. दुकानदार भला असला तरी डिस्क बदलताना चूक कोणाच्याही हातून होते.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने सांगितलेली दिसत नाही. या यंत्रावर विंडोज-१० आहे, आणि त्याचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज-११ साठी कंपनीच्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत. तुमच्या बैठकीवर दुसरी आणि तिसरी पिढीच बसते, म्हणजे आय-फाइव्ह घातला तरी तो दरवाजा बंदच. लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी प्रणाली मात्र या यंत्रावर चालते. टिपणे, चित्रफिती आणि पीडीएफ यांना ती पुरते. कॉलेजने खास विंडोजवरचाच एखादा प्रोग्रॅम सक्तीचा केला असेल तर तेवढे आधी विचारून घ्या, नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. तसे असेल तर पेरणी पार पडू द्या, आणि आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा वापरलेला कॉम्प्युटर पाहा. एसएसडी घेतलेली वाया जाणार नाही, ती काढून नव्या पेटीत बसते.

बियाण्याच्या पैशाला हात लावण्याची गरज आज तरी मला दिसत नाही. डिस्क आधी घ्या, रॅम पुढच्या महिन्यात घेतली तरी चालेल. टास्क मॅनेजरमध्ये दिसलेले तिन्ही आकडे आणि मदरबोर्डवर छापलेला पूर्ण क्रमांक मुलीला कागदावर उतरवायला सांगा आणि मला धाडा. बोर्डाला कोणत्या पट्ट्या चालतात ते पाहून उलट टपाली कळवतो.