लिहिलेलं नाटक वाचायचं कुणी?

कविता वहीत राहिली तरी ती कविताच असते. नाटकाचं तसं नाही बाई! त्याला बोलणारी माणसं लागतात, ऐकणारी लागतात. पुरुष लेखक रात्री बारापर्यंत तालमीला बसतो, तिथेच त्याच्या ओळखी होतात. आपल्याला आठाच्या आत कुकर लावायचा असतो. मग महिला मंडळासाठी हौसेनं लिहिलेली एकांकिका एकदा होते आणि कपाटात जाते.

ही अडचण एकट्या आपलीच नाही, मैत्रिणींनो. १९८८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात देशोदेशींच्या नाटककार स्त्रिया जमल्या. त्यातूनच ‘विमेन प्लेराइट्स इंटरनॅशनल’ ही संस्था चालू झाली. साधारण दर तीन वर्षांनी नव्या देशात परिषद भरते. २००३ मध्ये मनिला, २००६ मध्ये जकार्ता आणि २००९ मध्ये चक्क आपली मुंबई! मुंबईच्या परिषदेत पुढाकार होता ‘मुलगी झाली हो’ लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकरांचा. त्यांचं ते नाटक १९८३ पासून मोठ्या नाट्यगृहाची वाट न बघता वस्त्यावस्त्यांतून झालं.

अशा ठिकाणी नाटकांतले प्रवेश नुसते वाचून दाखवतात. पण परक्या बाईला आपलं कळणार कसं? समजा, हळदीकुंकवाचा प्रवेश आहे आणि घरात विधवा जाऊ आहे. आपल्याकडे काही सांगावं लागत नाही. स्टॉकहोमच्या बाईला मात्र काहीच उमगणार नाही, आणि रंगमंचावर तळटीप देता येत नाही! तेव्हा करंडा सगळ्यांपुढे फिरून नेमका तिलाच वगळून पुढे जाताना दाखवा. ते कुठल्याही बाईला कळेल. (खरं सांगायचं तर मराठीतही तो प्रवेश त्यानं चांगलाच होतो.)

सुरुवात शेजारापासून करा. दुपारी चौघी जमून भूमिका वाटून मोठ्यानं वाचा. त्यात एखादी कानडी किंवा गुजराती शेजारीण असू द्या. ती अडेल तिथं खूण करा. इंदूर-बडोद्याला दिलेली मैत्रीण फोनवरच्या व्हिडिओ कॉलनं येऊ शकते. परदेशातली असेल तर तिच्या घड्याळाचा हिशेब आधी विचारा.

एक पानभर गोषवारा, पात्रांची संख्या आणि प्रयोगाला लागणारा वेळ हिंदीत किंवा इंग्रजीत लिहून ठेवा. आणि हो, प्रत्येक प्रतीवर आपलं नाव आणि तारीख घाला. प्रयोगाची परवानगी मैत्रिणीलासुद्धा लेखीच द्यायची. त्यात संकोच कसला?